पावलाला पाऊल

पाऊलपट खोटं बोलत नाही, असं मी गेली अकरा वर्षं लोकांना सांगत आलो आहे. शाळांत सांगितलं, ज्येष्ठ नागरिक संघांत सांगितलं. एकदा तर एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांना सांगितलं आणि ते जिलबी अर्धी टाकून दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. मी हेमंत दिवटे, धामणपूर शहराच्या उद्यान विभागात अभियंता. शहरातल्या बागांच्या पायवाटांखाली जो पट अंथरला आहे, तो माझ्या देखरेखीखाली अंथरला गेला. त्यामुळे पुढं जे झालं त्याचा दोषी शोधायला मला फार लांब जावं लागत नाही.

आधी हा पट काय करतो ते सांगतो. सवयच आहे.

चालणं आपल्याला सोपं वाटतं, कारण ते आपण वर्षाच्या आतबाहेर शिकून मोकळे होतो. खरं तर दर पावलाला आपण पुढं पडत असतो आणि दुसरा पाय टेकून स्वतःला सावरत असतो. या सावरण्यात मेंदू, कान, डोळे, गुडघे, हृदय, सगळ्यांची हजेरी लागते. त्यातलं एखादं कुरकुरायला लागलं की पाऊल आखूड होतं, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर राहण्याचा काळ वाढतो, आधी टाच टेकायच्या ऐवजी सगळा तळवा एकदम टेकतो. रक्ताच्या तपासणीत काही दिसायच्या कितीतरी आधी ते चालीत दिसू लागतं. पट म्हणजे एक पातळ चादर. दाबली की तिच्यातून अगदी क्षीण वीज निघते. फरशीखाली ती घातली की वरून जाणाऱ्या प्रत्येक पावलाचा दाब, वेळ आणि अंतर कळतं. माणूस बागेत असेपर्यंत पट त्याची चाल ओळखतो आणि तो फाटकाबाहेर पडला की विसरून जातो. नाव नाही, चेहरा नाही, कॅमेरा नाही.

ही माहिती 'नियोजक' नावाच्या संगणकप्रणालीकडे जायची. आमच्या शहरात पाणी मोजकं. बागांना मिळतं ते शुद्ध केलेलं सांडपाणी, तेही ठरावीकच. मग ते कुठल्या बागेला द्यायचं, चढाची वाट कुठं काढायची, बाकं किती अंतरावर ठेवायची, हे नियोजक ठरवायचा. त्याच्यापुढं प्रश्न एकच असायचा: इथल्या लोकांच्या वाट्याला या बागेमुळे किती निरोगी वर्षं जास्त येतील?

आणि ते जमत होतं, हे मी आजही नाकारत नाही. कालव्याकाठी आम्ही मुद्दाम चढउताराची वाट काढली, बाकं लांब लांब ठेवली, सावली दाट केली. सहा वर्षांत त्या भागातले पक्षाघाताचे झटके तिसऱ्या हिश्शानं कमी झाले. मी तिथंच राहतो. सकाळी त्या वाटेवर लगबगीनं चालणारी माणसं पाहिली की मला उगाचच वाटायचं, यातल्या चारदोघांना मीच धरून ठेवलंय.

माझी थोरली बहीण प्रमिला, म्हणजे आमची अक्का, शहराच्या दुसऱ्या टोकाला सूतगिरणी कॉलनीत राहायची. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि अक्का सतराची. तिनं गिरणीत कांड्या भरून मला शिकवलं. भावजी तरणेच गेले, मूलबाळ नाही. बासष्टाव्या वर्षी ती अशी चालायची की तिच्याबरोबर भाजी आणायला निघालं की मला मधूनमधून पळावं लागायचं. "पाय उचल की रं, काय नवरीवानी चाललायस," असं भर बाजारात ओरडायची. मी तेव्हा बावन्न वर्षांचा, सरकारी ओळखपत्र गळ्यात घातलेला माणूस.

तिच्या कॉलनीतली बाग मी मंजूर करून घेतली होती. फार मोठी नव्हे. चारशे पावलांची वाट, करंजाची झाडं, व्यायामाचे दांडे आणि मधोमध बागेच्या आधीपासून असलेला औदुंबर. त्याला दगडी पार, पारावर पादुका. पट घालताना कंत्राटदार म्हणाला, "साहेब, पाराभोवती नको, मुळं वर येतात." मी हट्टानं घालायला लावला. म्हटलं, सगळ्यात जास्त पावलं तर तिथंच पडणार.

बाग झाल्यावर दोन वर्षांनी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. गंमत म्हणजे त्याआधी दोन महिने कालव्याच्या पटानं एका चालीबद्दल इशारा दिला होता. आमच्याकडे अशा वेळी फाटकावर फक्त सूचना लागते, की या बागेतल्या कुणीतरी तपासून घ्यावं. मी ती सूचना रोज वाचत होतो आणि आमच्या मजल्यावरच्या जोशीबुवांची काळजी करत होतो.

मी दहा आठवडे घरी होतो. जखम चिघळली, पुन्हा दवाखाना झाला. अक्काचा रोज सकाळी नवाला फोन यायचा. "जेवलास का, गोळी घेतलीस का," एवढंच. आवाजात धाप असायची. विचारलं तर म्हणायची, "आत्ताच आलेय बागेतनं."

कामावर रुजू झालो त्या दिवशी भिंतीवरच्या शहराच्या नकाशात सूतगिरणी कॉलनी राखाडी दिसली. हिरवा, पिवळा, नारिंगी हे रंग मला रोजचे होते. राखाडी मी तोवर फक्त माहितीपुस्तिकेत पाहिला होता.

आरोग्य नियोजनाच्या प्रमुख डॉ. सानिका नाचणे. वय चौतीस, हुशार आणि खरोखर कळवळ्याची बाई. मी इस्पितळात असताना दोनदा भेटायला आल्या होत्या.

"बसा ना दिवटे सर. तब्येत कशी आहे?"

"तब्येत राहू द्या मॅडम. सूतगिरणीचा पट बिघडलाय."

"नाही बिघडलेला. तीनदा तपासला." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "सहा आठवड्यांचं मापन आहे, निर्णयासाठी तेवढंच धरतात. पाऊल सरासरी तेवीस सेंटीमीटर. वेग जवळजवळ शून्य. दर पावलाला दोन्ही पाय टेकलेले. एखाददुसरा माणूस नाही, तीस-पस्तीस जण. मला तर वाटलं पाण्यात काही विष आहे की काय. पाणीही तपासलं, ठीक आहे."

"तिथं माझी बहीण राहते. ती तुमच्या-माझ्यापेक्षा जोरात चालते."

"असेल. पण बाकीच्यांचं काय?" त्या हळू आवाजात बोलत होत्या, घरात आजारी माणूस असताना बोलतात तशा. "राखाडी म्हणजे चालण्यानं फायदा व्हायची वेळ निघून गेलेली वस्ती. अशांना चालायला लावलं तर ती पडतात, खुबे मोडतात. त्यांना बाग नको सर, आधार हवा. बागेच्या जागी आधार केंद्र होईल. बसायची सोय, नर्स, घरपोच औषधं, दारात गाडी. आणि तिथलं पाणी कालव्याच्या बागेला वळवता येईल."

म्हणजे माझ्या बागेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता मी रिक्षा केली आणि थेट कॉलनी गाठली.

सकाळचे साडेआठ झाले होते. तरुण माणसं केव्हाच कामाला बाहेर पडलेली. वाटेवर कुणीच नव्हतं. होती ती सगळी औदुंबराभोवती. विसेक बायका, सात-आठ म्हातारे, सगळे अनवाणी, हात जोडलेले. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावायची, मध्ये फट राहू द्यायची नाही, घाई करायची नाही. पावलाला पाऊल लावून प्रदक्षिणा. लहानपणी दर गुरुवारी मी अक्काच्या पदराला धरून अशाच घातल्या होत्या आणि कंटाळून रडलो होतो. सगळ्यात पुढं अक्काच होती.

तेवीस सेंटीमीटर. मी दर दिवाळीला तिला चपला घेतो. तिच्या पावलाची लांबी तेवढीच आहे.

मला पाहून ती थांबली नाही. फेरी पुरी केली, पादुकांना डोकं टेकवलं आणि मग जवळ आली.

"उन्हातानाचा कशाला आलास? टाकं वलं हायती अजून."

"अक्का, हे कधीपासून चाललंय?"

"तुला टेबलावर घेतल्यालं तवापासनं. एकशेआठ रोज." तिनं मागं पाहिलं. "मी एकटीच घालत हुते. मग शेजारची शेवंताबाई म्हणली, ही बाग त्यानंच दिली न्हवं आपल्याला, मग एकवीस माज्याबी त्याच्या नावानं. तिचं बघून बाकीच्या आल्या. सांगायचं नव्हतं तुला, पर आता बगितलंसच."

मी पारावर बसलो. सहा आठवडे अख्खी कॉलनी माझ्या जिवासाठी चालत होती आणि माझा पट फरशीखालून एकेकाला मरायला टेकलेला ठरवत होता. मला हसूही आलं नाही. रडू मात्र आलं.

मी धावपळ करून फेरमापन मिळवलं. सात दिवस, एकदाच. अर्ज करताना प्रदक्षिणेचा प्रकार सविस्तर लिहिला, आकृती काढली. डॉ. नाचण्यांनी तो आस्थेनं वाचला. "तुम्ही म्हणता तसं असेल तर सात दिवसांत दिसेलच," म्हणाल्या.

आता फक्त सात दिवस प्रदक्षिणा थांबवायच्या होत्या. मी अक्काच्या स्वयंपाकघरात बसून तिला सगळं समजावलं. ती भाकरी थापत ऐकत होती.

"म्हंजे सात दिस नेमात खंड पाडायचा."

"सात दिवस फक्त. नाहीतर बाग जाईल."

"बाग गेली तर दुसरी हुईल. तू गेलास तर?"

"अक्का, ऑपरेशन डॉक्टरनं केलं. मी बरा आहे."

"मग मी कुठं न्हाई म्हणते? त्येनं त्येचं केलं, मी माजं करते. तुजी गोळी बंद हुईस्तवर घालीन असं बोललेय मी. मधी सोडलं आणि तुला काय झालं, तर तुजा पट ईल का मला सांगायला?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. गोळी कालच बंद झाली, असं म्हटलं असतं तर तिनं पारावर नारळ फोडून सगळ्यांना पेढे वाटले असते आणि दुसऱ्या दिवसापासून वाटेवर दणादण चालली असती. वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण रात्री कुशीवर वळलं की छातीच्या हाडातून कळ जायची. आयुष्यभर यंत्रांवर विश्वास ठेवलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या कळेच्या वेळी, कुणीतरी आपल्या नावानं फेऱ्या घालतंय, हे बरं वाटू लागलं होतं. तिनं थांबावं असं मला पुऱ्या मनानं वाटत नव्हतं. म्हणून मी खोटं बोललो नाही, आणि त्याला मी प्रामाणिकपणा असं नाव दिलं.

शेवटी तिनंच तोड काढली. आधी सगळ्यांनी वाटेवर चार फेऱ्या जोरात मारायच्या, मग प्रदक्षिणा. "तुज्या पटालाबी बरं आणि देवालाबी." मलाही ते पटलं. सात दिवस ती म्हातारी माणसं पदर खोचून, धोतर आवरून अशी चालली की शेवंताबाईंच्या नातीनं घाबरून विचारलं, कुठं आग लागली का? मी कठड्याला टेकून टाळ्या वाजवत होतो.

आठव्या दिवशी डॉ. नाचण्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांचे डोळे लाल होते.

"सर, आधीपेक्षा वाईट आहे."

पट फाटकाच्या आत माणसाची चाल ओळखतो, हे मी वर सांगितलंच आहे. त्याला दिसलं होतं की हीच माणसं आत येताना खणखणीत चालतात आणि अर्ध्या तासात त्यांचं पाऊल वीतभर होतं. चालीतला असा चढउतार हे मेंदूच्या आजाराचं हळू चालण्यापेक्षाही वाईट लक्षण मानतात. हा नियम प्रणालीत घालण्याची शिफारस करणाऱ्या समितीत मी होतो.

"मॅडम, पाराभोवतीची पावलं वगळा. मी लिहून दिलंय ना?"

"वगळून पाहिली." त्यांनी दुसरा तक्ता उघडला. "पहिल्या सहा आठवड्यांतली पाराजवळची पावलं काढली तर बागेत माणसंच उरत नाहीत. किमान वापराच्या खाली जाते. मग वापर नाही म्हणून बंद होते. फेरमापनातली काढली तर तुम्ही चालायला सांगितलेल्या फेऱ्या उरतात. त्या लोकांनी ठरवून मारल्यात हे प्रणालीला कळतं, सगळे एकाच तालात चालत होते. ते दिवस बाद धरले जातात." मग तक्ता मिटून म्हणाल्या, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मी विश्वासावर एक बाग वाचवली तर उद्या प्रत्येक नगरसेवक विश्वास घेऊन येईल. आणि सर, समजा तुमचं चुकत असलं आणि तिथं कुणी पडून मेलं तर?"

त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. इतकी वर्षं म्हणतच होतो.

बाग गेली. औदुंबर तोडला नाही, त्याला लोखंडी कठडा केला. मुळांना अडखळून कुणी पडू नये म्हणून. वाटेच्या जागी आधार केंद्र उभं राहिलं आणि ते सुंदर आहे, हे मला कबूल केलंच पाहिजे. गार, स्वच्छ, पाठीला टेकू देणाऱ्या खुर्च्या. औषध, दूध, भाजी घरपोच येऊ लागली. कॉलनीसमोरचा महामार्ग पायी ओलांडायची सोय बंद झाली, कारण राखाडी वस्तीतल्या माणसांना सिग्नलच्या वेळात तो ओलांडता येत नाही असं मानायचं असतं. त्याऐवजी दारात गाडी. कॉलनीनं कुरकुर केली ती पहिले दोन महिने. नंतर त्यांनी डॉ. नाचण्यांचा सत्कार केला. फेटा बांधून घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

अक्कानं सुरुवातीला सगळं झिडकारलं. भाजीवाल्या गाडीला परत पाठवायची आणि पिशवी घेऊन निघायची. पण रस्ता बंद, बाजार पलीकडे. मग उन्हाळा आला. केंद्रात गारवा होता, शेवंताबाई होती, सगळ्याच होत्या. कठड्यामुळे प्रदक्षिणा घालता येत नव्हती, म्हणून खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसायचं, झाडाकडे पाहायचं आणि मनात फेऱ्या मोजायच्या, असा सगळ्यांनी तोडगा काढला. माझी गोळी बंद झाली तेव्हा तिनं तिथंच पेढे वाटले. पण खुर्चीची सवय तोवर लागली होती.

माझं म्हणाल तर माझी तब्येत उत्तम आहे. कालव्याकाठी सूतगिरणीच्या पाण्यावर करंजाची नवी रांग उभी राहिली आहे. मी तिच्या सावलीत रोज आठ हजार पावलं चालतो. हृदयतज्ज्ञ म्हणाले, दिवटे, तुम्ही सहज ऐंशी गाठाल. अक्काचा नेम फळाला आला.

गेल्या महिन्यात चार वर्षांचा आढावा झाला. नियोजकाची भाकितं आणि प्रत्यक्ष स्थिती ताडून पाहायची, आणि ज्येष्ठ अभियंता म्हणून त्यावर सही मी करायची. प्रभाग सतरा, सूतगिरणी कॉलनी. केंद्राच्या दारातल्या पटावरचं ताजं मापन: पाऊल सरासरी चोवीस सेंटीमीटर. दोन्ही पाय टेकलेले. पक्षाघात, मधुमेह, पडून झालेली हाडमोड, सगळं भाकिताला धरून. अचूकता सत्त्याण्णव टक्के. सगळ्या शहरात इतकं नेमकं भाकीत दुसरं नव्हतं. शेरा होता, 'वेळेत केलेल्या नियोजनाचं उत्तम उदाहरण.'

मी सही न करता कागद बाजूला ठेवला आणि दुपारी अक्काकडे गेलो. ती पलंगावर बसली होती.

"आलास व्हय? बस, च्या टाकते."

"राहू दे, मी टाकतो."

"गप. माझ्या घरात तू कसला च्या टाकतोस?"

ती उठली. पलंगाच्या कडेला हात, मग भिंतीला हात. एक पाऊल पुढं, मग दुसरं त्याच्या अगदी जवळ, टाच अंगठ्याला लागेल असं. माझी नजर सवयीनं जमिनीकडे गेली. मी मोजू लागलो. पलंगापासून ओट्यापर्यंत पूर्वी तिची चार पावलं होती.

सोळाव्या पावलाला माझ्या तोंडून गेलं, "अक्का, आता कुणासाठी?"

तिला आधी समजलं नाही. मग तिनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं आणि हसली.

"न्हाई रं बंड्या. ह्या काय प्रदक्षिणा न्हाईत. आता एवढंच येतंय."

चहा झाला. तिनं मला दारापर्यंत पोचवायचा हट्ट धरला आणि आम्हाला दारापर्यंत जायला बराच वेळ लागला. मी तिच्या तालात चाललो. दुसऱ्या दिवशी मी आढाव्यावर सही केली. आकडे बरोबर होते.